टेपचं दुसरं टोक

"अहो, जरा हे टोक धरता का?"

डब्याचं झाकण अर्धं उघडलेलं, बोटांना शिक्क्याची शाई... आणि समोर एक उंच, घामाघूम माणूस मोजायची टेप पुढे करून उभा. तिनं इकडंतिकडं पाहिलं. दुपारच्या सुट्टीत मैदानात दुसरं होतं तरी कोण? एक झोपलेलं कुत्रं. त्याला काही टेप धरता येणार नव्हती.

"जेवून धरलं तर चालेल का?"

"चालेल की. मी थांबतो," तो म्हणाला, आणि खरंच तिथंच उभा राहिला.

आता कुणी असं डोळ्यांसमोर ताटकळत असताना घास घशाखाली उतरतो होय? तिनं झाकण परत लावलं, टेपचं टोक कुंपणाच्या खांबाला टेकवून धरलं आणि म्हणाली, "जा. पण लवकर या."

तो झाडांमधून लांब गेला. दिसेनासा झाला. हातातली टेप तेवढी ताणली जात होती, थरथरत होती... मग पलीकडून आवाज आला, "सोडू नका हं!" तिला उगीचच हसू आलं.

ती नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत आवक खिडकीवर बसायची. येईल त्या कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक. सगळे तिला शिक्केवाली म्हणायचे आणि तिला टरकूनही असायचे. दोन प्रती नव्हत्या म्हणून तिनं साहेबांच्या मेव्हण्यालाही परत पाठवलं होतं! सध्या खिडकीसमोरची रांग होती शहराच्या नव्या विकास आराखड्यावरच्या हरकतींची. महिनाभराची मुदत, त्यातले शेवटचे चार दिवस उरलेले. कुणाच्या दुकानावरून रस्ता जात होता, कुणाच्या अंगणातून गटार. जो तो आपापल्यापुरतं भांडत होता.

आणि हे मैदान? जुन्या आराखड्यात ते हिरवं होतं, बागेसाठी राखून ठेवलेलं. नव्यात पिवळं. पिवळं म्हणजे इमारती. पण सगळ्यांचं ते कुणाचंच नाही म्हणतात ना, तसं झालेलं. मैदानासाठी एकच हरकत आली होती, तीही तिच्या बाबांची.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. या वेळी लांब बाकाच्या टोकाला बसून राहिला.

"आज आधी जेवून घ्या," तो म्हणाला. "मला घाई नाही."

"रोज काय मोजता हो, टेपवाले? जमीन काय रातोरात वाढते?"

"काल तुमचा हात हलला असावा. माप चुकलंय."

"माझा हात? दिवसाला दोनशे शिक्के मारतो हा हात. हलत नाही."

"मग... माझा हलला असेल," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवशी टेप धरताना तिला पलीकडचा माणूस दिसत नव्हता, पण तिकडून येणारी प्रत्येक बारीक ओढ तिच्या बोटांना कळत होती.

तिसऱ्या दिवशी तिनं डबाच त्याच्यापुढे सरकवला. सावली दाट होती, वारा मऊ होता, आणि बोलता बोलता ती बाबांवर आली.

"ही झाडं लावली पालिकेनं, आणि लावून विसरली. बाबा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. संध्याकाळी टँकर जमा करायच्या आधी तळाला उरलेलं पाणी इथं सोडायचे. साहेबांना कळलं तेव्हा घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. वाटलं, गेली नोकरी! पण साहेबांनी काय करावं? लेखी हुकूमच काढला. उरलेलं पाणी रोज याच मैदानात सोडावं म्हणून. वीस वर्षं सोडलं बाबांनी."

"आणि आता?"

"आता त्यांचा डावा पाय नीट उचलत नाही. रोज संध्याकाळी या झाडाला धर, त्या झाडाला धर, असं करत फेरी मारतात. मैदान गेलं तर ते अंथरूण धरतील हो..." तिचा आवाज चढला. "आणि कुणा दिवट्यानं बसल्या जागी पिवळा रंग ओतला! सापडू दे मेला, त्याच्या कपाळावरच शिक्का मारते!"

तो हसला नाही. त्यानं डबा खाली ठेवला.

"मारा," तो म्हणाला. "तो मीच."

"काय?"

"नगररचना शाखेत आरेखक आहे मी, नव्या इमारतीत. हे मैदान दोन नकाशांच्या जोडावर येतं. अर्धं माझ्या कागदावर, अर्धं माझ्या जोडीदाराच्या. त्याला वाटलं मी रंगवीन, मला वाटलं तो. जोडताना मधे कोरा तुकडा राहिला. दुसऱ्या दिवशी छपाई होती. आजूबाजूला सगळं पिवळं होतं, म्हणून... जुना नकाशा काढून बघायला दहा मिनिटं लागली असती. नाही बघितला."

"साहेबांना सांगायचं ना!"

"सांगितलं. ते म्हणाले, प्रसिद्ध झालेल्या आराखड्याला आता हात लावता येत नाही. कुणी पुराव्यासकट हरकत घेतली तर बघू. तू गप्प बस, अजून नोकरीत कायम झालेला नाहीस." त्यानं टेप हातात फिरवली. "म्हणून जुनी मापं जुळवत होतो. पहिल्याच दिवशी जुळली."

"मग काल-आज कशाला आलात?"

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्या बघण्यानं ती विरघळली असती. पण आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या शेजारी बसून, माझ्या डब्यातलं खाऊन... तीन दिवस गप्प राहिलात?"

ती तरातरा निघून गेली. डबा बाकावरच राहिला. कचेरीच्या पायऱ्या चढताना डोळे भरून आले, ते झाडांसाठी की त्याच्यासाठी, हे तिला कळेना. खरं सांगायचं तर दोन्हींसाठी.

मुदतीचा शेवटचा दिवस. पावणेसहाला खिडकीतून एक कागद आत आला. तिनं मान वर न करताच विचारलं, "दोन प्रती?"

"आहेत."

आवाज ओळखून तिचा हात थांबला.

"पुरावा?"

"जुन्या नकाशाची प्रत, मापं... आणि माझा जबाब. खाली सही आहे."

तिनं वाचलं. 'हा रंग मी भरला. चूक माझी आहे. मैदान हिरवंच हवं.' खाली नाव, हुद्दा, सगळं स्वच्छ अक्षरात.

"अहो, कायम व्हायच्या आधी असं लेखी देतं का कुणी?" ती कुजबुजली. "घरी काय सांगाल?"

"आईला सकाळीच सांगितलं. म्हणाली, आधी कबूल करून ये, मगच जेवायला बस."

"मग?"

"सकाळपासून उपाशी आहे."

तिनं शिक्का उचलला. दिवसाला दोनशे शिक्के मारणारा तो हात आज चांगलाच हलत होता. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि शिक्का हाणला. पोच त्याच्याकडे सरकवली. "जपून ठेवा," ती म्हणाली. त्यानं घासूनपुसून आणलेला तिचा रिकामा डबा खिडकीत ठेवला, आणि निघून गेला.

मग चार महिने तो दिसलाच नाही. निकाल लागेपर्यंत आवक खिडकीकडे किंवा मैदानात फिरकायचं नाही, अशी साहेबांची तंबी होती त्याला. उद्या कुणी म्हणायला नको, की दोघांनी संगनमतानं मागची तारीख टाकली. हे तिला शिपायाकडून कळलं. तरी रोज दुपारी ती बाकावर बसायची आणि डबा उघडायच्या आधी जरा थांबायची.

सुनावणी झाली. सभेत चूक मान्य झाली, मैदान हिरवं झालं. त्याची नोकरी वाचली, पण कायम होणं वर्षभर लांबणीवर पडलं, आणि टेबल काढून घेऊन त्याला मोजणी पथकात धाडलं.

त्या संध्याकाळी ती बाबांना घेऊन मैदानात आली होती. बाबा एका झाडाला धरून उभे होते.

"अहो... जरा हे टोक धरता का? हद्दीचे दगड रोवायचेत."

रापलेला, वाळलेला, पण तोच. तिला एकदम हुंदका आला आणि तो लपवायला तिनं टेप हिसकावूनच घेतली. "जा लांब!"

तो झाडांमागे गेला. टेप ताणली गेली. मग तिकडून आवाज आला.

"एक विचारायचं होतं!"

"विचारा की!"

"समोर उभं राहून धीर होत नाही! तुम्ही मला आवडता! पहिल्या दिवसापासून! लग्न कराल माझ्याशी?"

सगळ्या मैदानानं ऐकलं. तिनं दचकून बाबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" बाबा म्हणाले. "पोरगं तिकडे ताटकळलंय. जा."

ती टोक मुठीत धरून चालू लागली. बाबांच्या एकेका झाडाला हात लावत, टेपच्या मागोमाग.

"अहो! टोक सोडलंत का?" तो घाबरून ओरडला.

आणि झाडाआडून ती समोरच आली.

"सोडलं नाही. घेऊनच आलेय."

"मग... माप?"

"माप उद्या," ती म्हणाली, आणि इतके दिवस जपलेलं 'अहो' आज पहिल्यांदा एकेरीवर आलं. "तू आधी घरी चल आणि जेवायला बस."