न वाकलेली फांदी

हॉलंड सोडून फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावर राहायला आलो त्याला चौदा महिने झाले होते, आणि या चौदा महिन्यांत मी एकदाही एकटा जेवलो नव्हतो. माझ्या बायकोच्या, मारिविकच्या माहेरी दाराला कडी लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. मी पुलांची गणितं करतो. कुठल्या तुळईवर किती भार येईल ते काढून रॉटरडॅमच्या ऑफिसला पाठवतो. त्यासाठी वीज लागते, इंटरनेट लागतं आणि थोडी शांतता लागते. वीज रोज दुपारी जायची, इंटरनेट वाटेल तेव्हा जायचं, आणि शांतता कधी आलीच नव्हती. कुणाची तरी चुलतबहीण माझ्या टेबलावर मासे साफ करत बसलेली असायची. "तुम्ही करा ना काम, मानोंग, मला तुमचा काही त्रास नाही," असं वर मलाच म्हणायची. मानोंग म्हणजे दादा.

त्या घरात मला एकच माणूस मनापासून आवडायचा, तो म्हणजे मारिविकचा बाप आंबो. सगळे त्याला लोलो, म्हणजे आजोबा म्हणायचे. त्याचा सगळा जन्म आंब्याच्या झाडांवर गेला. तिथे कैऱ्या कोवळ्या असतानाच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात, नाहीतर माशी लागते. जाड फांद्यांवर माणसं चढतात, पण टोकाच्या बारीक फांद्यांपर्यंत पोचायचं तर लोलो घरातलं सगळ्यात हलकं पोर वर धरायचा आणि त्याच्याकडून कैऱ्या बांधून घ्यायचा. या सवयीने तो समोर येईल त्याला काखेत हात घालून उचलायचा आणि वजन सांगायचा. आमच्या पाच वर्षांच्या फेम्केला तर रोज सकाळी. 'फ' त्याला म्हणता यायचा नाही. "पेमके, अठरा किलो! अजून चालेल!"

जानेवारीत तो गेला. पाच दिवस शवपेटी बैठकीच्या खोलीत होती आणि पाच दिवस तिच्याभोवती पत्ते, कॉफी, पाव आणि अख्खं गाव. मी पाच दिवस झोपलो नव्हतो. सहाव्या दिवशी पेटी बाहेर काढायच्या आधी घरातली सगळी लहान मुलं रांगेत उभी केली. एका बाजूला माझा मेहुणा रोमेल, दुसऱ्या बाजूला त्याचा एक मित्र. एकेका पोराला उचलून पेटीवरून पलीकडे द्यायला सुरुवात झाली.

"हे काय आता?" मी विचारलं.

"असं केलं की गेलेला माणूस पोरांकडे परत येत नाही," मारिविक म्हणाली. "अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दे तिला."

"माझी मुलगी म्हणजे तांदळाचं पोतं नाही!"

मी इतक्या मोठ्याने बोललो की पत्ते थांबले. फेम्केला कडेवर घेऊन मी सरळ अंगणात जाऊन उभा राहिलो. सासू, लोला म्हणजे आजी पासिंग, दारापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "तुझी पोर, बाबा. तू जाण." त्या घरात माझं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

फेब्रुवारीत एकदा रोमेल जेवायला आला तो वैतागूनच. "मानोंग, शेंड्याच्या कैऱ्या कुणी बांधल्या?"

"मला काय विचारतोस? मी चढतो का झाडावर?"

"अहो, तिथे मांजर गेलं तरी फांदी मोडेल!"

आम्ही जाऊन पाहिलं. अगदी वरच्या, बाहेरच्या फांद्यांना कागदाच्या पुड्या लटकत होत्या. व्यवस्थित दुमडलेल्या, नारळाच्या हिराने टाचलेल्या. कुणीतरी लांब बांबू वापरला असेल, असं मी म्हणालो. रोमेलने मान हलवली. या घरात माझं म्हणणं पटलं नाही की माणसं अशी मान हलवतात.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात मुलांची वजनं होती. आढ्याला टांगलेला काटा आणि खाली कापडाची झोळी. फेम्के झोळीत बसली. काट्यावर पंधरा.

"मागच्या महिन्यात अठरा होती ही," तिथल्या बाई म्हणाल्या. "जेवत नाही का?"

"काल चार अंडी खाल्ली हिने!" मारिविक म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बारा. बाईंनी काट्याला दोन थापा मारल्या. पाच किलो तांदळाची पिशवी टांगली, तर बरोबर पाच. फेम्केला टांगलं, तर बारा. "नवऱ्याच्या देशातलं काही भलतंसलतं खायला घालतेस का गं हिला?" बाईंनी विचारलं. फेम्केचे गाल गुबगुबीत होते आणि फ्रॉक दंडांवर घट्ट होत होता. आम्ही बोटीने इलोइलोला जाऊन मोठा डॉक्टर गाठला. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं उत्तम निघालं. त्याच्या काट्यावर ती दहा भरली. काटा दुरुस्तीला पाठवतो म्हणाला आणि टॉनिक लिहून दिलं.

त्या बेटावरच्या प्रत्येक काट्याला मी शिव्या घातल्या. पण रात्री तिला उचलून अंथरुणावर ठेवताना माझ्या हातांना काहीच जोर लावावा लागला नाही. मला भीती वाटली. आणि भीती वाटली म्हणून स्वतःचाच राग आला.

दुपारी दोनला ते घर रोज आडवं व्हायचं. त्या दिवशीही वीज गेली होती आणि मी खिडकीशी घाम पुसत बसलो होतो. फेम्केची चटई रिकामी दिसली. ती अंगणातून चालली होती, बगलेत वर्तमानपत्रं घेऊन. लोलाने नुकतंच झाडलं होतं, मातीवर केरसुणीच्या रेघा होत्या. ती त्या रेघांवरून चालत गेली. रेघा तशाच राहिल्या.

मी अनवाणीच धावलो. झाडाखाली पोचलो तेव्हा ती वर होती. सगळ्यात बाहेरच्या, माझ्या अंगठ्याएवढ्या फांदीच्या टोकावर बसून, पाय हलवत, एक कैरी गुंडाळत होती.

भाराखाली काय वाकतं ते बघण्यात माझी वीस वर्षं गेली. ती फांदी वाकली नव्हती.

"फेम्के, खाली ये."

"थांब ना, पप्पा. लोलो उतरवेल."

"लोलो कुठे आहे?"

"तुझ्या बाजूलाच आहे की."

मी बाजूला पाहिलं नाही.

"तो म्हणतो, अजून वर पण आहेत," ती म्हणाली. "मी आणखी हलकी झाले की."

मी हात वर केले. ती माझ्या हातांत आलीच नाही. काखेजवळ तिचा फ्रॉक चुरगळला, ती हळूहळू खाली आली आणि तिचे पाय मातीला लागले.

लोला पासिंग झोपली नव्हती, दारात बसली होती. "नाय, काय करू?" मी विचारलं. नाय म्हणजे आई. तिला तशी हाक मारायची माझी ती पहिलीच वेळ.

"आता विचारतोस!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "माझा म्हातारा वाईट नाही रे. त्याला पोरांचा लळा. पण त्याला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं ना! पेटीवरून नाही दिलीस, आता थडग्यावरून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही स्मशानभूमीत होतो. कंबरभर उंचीचं सिमेंटचं थडगं. एका बाजूला मी, समोर रोमेल, पायथ्याशी मारिविक. मी फेम्केला उचललं. उचललं असं म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी तिला पुढे केलं.

"सोडा ना, मानोंग."

"सोडलंय."

"मग माझ्याकडे का येत नाही?"

माझे हात रिकामे होते. त्याचेही.

फेम्के थडग्याच्या वर होती. काखेजवळ फ्रॉक चुरगळलेला. तिला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती.

मारिविकने माझ्याकडे पाहिलं.

चौदा महिन्यांचा सगळा वैताग माझ्या तोंडाशी आला. "पुरे झालं, म्हाताऱ्या!" मी म्हणालो. "उचलायचंच आहे ना? मग मला उचल. तिला सोड."

हे मी डचमध्ये म्हणालो. जिवंतपणी त्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

फेम्के दाणकन रोमेलच्या हातांत पडली. तो तिच्यासकट खाली बसला.

"आई गं! अठरा किलो!"

"वीस!" मारिविक म्हणाली. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. फेम्केचं कोपर खरचटलं होतं आणि ती बेंबीच्या देठापासून भोकाड पसरत होती. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला गप्पसुद्धा केलं नाही.

फाटकाबाहेर ट्रायसिकल, म्हणजे बाजूला पाळणा जोडलेली मोटरसायकल, उभी होती. ड्रायव्हर आमच्याकडे पाठ करून फोन बघत होता. रोमेल, मारिविक आणि फेम्के बाजूच्या पाळण्यात बसले. मी ड्रायव्हरच्या मागे. मी एकशेचार किलोचा माणूस आहे. एरवी मी बसलो की गाडी करकरत मागे दबते आणि पुढचा माणूस सुस्कारा टाकतो.

मी दांडी घट्ट धरली. मारिविकने फेम्केला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चला."

गाडी निघेना.

"काय झालं?" रोमेलने विचारलं.

"निघतो की," ड्रायव्हर फोनमधून मान वर न करता म्हणाला. "आधी सरांना बसू तर दे."