आत्याच्या आखूड लडी

"आज चोर पकडायचाच!" टकळीने जाहीर केलं आणि लोकरीच्या पोत्यांमागे बसकण मारली.

"आधी तू तोंड मीट, मग येईल चोर!" लंबू पुटपुटला.

तिचं तोंड सकाळी जे सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत, म्हणून घरात सगळे तिला टकळीच म्हणत. लंबू हा तिचा आतेभाऊ. वय तेरा, उंची मात्र सतराची. पोत्यांमागे मावावं म्हणून बिचाऱ्याने स्वतःची घडी घातली होती. शेजारी त्याची धाकटी बहीण शेंडेफळ दोन्ही हातांनी नाक दाबून बसली होती. लोकर जवळ आली की तिला हमखास शिंका यायच्या!

टकळी सुट्टीत आत्याकडे आली होती मजा करायला. बघते तर आत्याचा चेहरा एवढासा झालेला! वीस वर्षं आत्या या कताईघरात लोकर कातत होती. तिचं सूत कसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं. कातलेलं सूत फाळक्यावर गुंडाळायचं, म्हणजे चार दांड्यांच्या फिरत्या चक्रावर. चारशे फेरे झाले की एक लड उतरवायची. प्रत्येकीचा फाळका स्वतःचा, पण माप एकच आणि फेरेही सगळ्यांचे चारशेच.

आणि विणकरकाकांनी तक्रार केली होती, आत्याच्या लडींत सूत कमी भरतं! त्यांची शाल वीतभर अपुरी राहिली होती. व्यवस्थापकसाहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "सोमवारपासून तुमचा चरखा दुसऱ्या कुणाला देऊ."

आत्या भांडली असती तर टकळीला एवढं वाईट वाटलं नसतं. पण ती हळूच म्हणाली, "मीच चुकत असेन गं मोजताना. वय झालं आता." टकळीला ते मुळीच पटलं नाही. आत्या आणि चुकणार? नक्कीच जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तिचं सूत पळवत होतं!

दार करकरलं. तिघांनी श्वास रोखला. आत आले ते साक्षात साहेब! त्यांनी खिडकी लावली, आरशात पाहून मिशी ठीक केली, आणि...

"आऽऽक्छी!"

"कोण आहे तिकडे?"

तिघे उभे राहिले. लंबूच्या केसांत लोकर, टकळीच्या नाकावर लोकर!

"मुलांनी मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये!" साहेब गरजले आणि तरातरा निघून गेले.

"झाला पचका!" लंबू धपकन जमिनीवर बसला. "शेंडेफळ, तुझ्या शिंकेने..."

"अरे, थांब!" टकळी ओरडली. तीही खाली बसली होती, आणि समोरच्या भिंतीवर खुंट्यांना लडी लटकत होत्या. "खालून बघ! सगळ्या लडी एका रेषेत संपतात. आत्याच्या बघ, दोन बोटं वरच!"

लंबूने डोळे बारीक केले. "खरंच की! पण सूत चोरलं असतं तर लड बारीक झाली असती. आखूड कशी होईल?"

"चोर नाहीच मग! फेराच लहान पडतोय!"

शेंडेफळने वेणीची रिबीन सोडून दिली. टकळीने त्या रिबिनीने आत्याच्या फाळक्याचे दांडे मापले. पहिला, दुसरा, तिसरा सारखे. चौथा दोन बोटं आखूड! टोकाला करवतीची ताजी खूण!

तिघे धावत आत्याकडे गेले. डबा खाता खाता तिचा हात थांबला. "मागच्या महिन्यात साहेबांनी कपाट सरकवलं, तेव्हा तो दांडा मोडला. त्यांनीच लगेच दुरुस्त करून दिला. पण आता कसं सांगू? म्हणतील, चूक झाकायला बहाणा काढला."

"तू नको सांगूस," टकळी म्हणाली. "ते स्वतःच सांगतील!"

सुट्टी संपली. सगळ्या कातणाऱ्या जागेवर बसल्या, विणकरकाका सूत न्यायला आले. टकळी साळसूद चेहऱ्याने साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, लंबू म्हणतो, चारशे फेरे न चुकता मोजणं कुणालाच जमत नाही. मी म्हटलं, तुम्हाला जमतं!"

"जमतं म्हणजे? डोळे मिटून जमतं!" साहेबांची छाती फुगली. "आण एखादी लड!"

टकळीने आत्याच्या शेजारणीची लड आणली, साहेबांनीच सकाळी तपासून पसंत केलेली. लंबूने ती दोन्ही हातांवर ताणून धरली आणि सुताचं टोक आत्याच्या फाळक्याला लावलं. साहेब फाळका फिरवत मोठ्याने मोजू लागले. सगळ्या बायका कौतुकाने बघत होत्या.

"...तीनशे नव्याण्णव, चारशे! हे बघ!"

"साहेब, सूत उरलंय अजून!" शेंडेफळ किंचाळली.

साहेब गोंधळले. फिरवत राहिले. चारशे पाच... चारशे दहा... चारशे चौदा!

"ही लड तर मीच तपासली होती! सूत वाढलं कसं?"

"तुम्ही मोजताना चुकला असाल," लंबू गंभीरपणे म्हणाला. "वय झालं असेल."

"मी? चुकेन? हा फाळकाच लहान आहे!" साहेब कडाडले. मग त्यांची नजर चौथ्या दांड्यावर गेली आणि त्यांनी त्याच्या टोकावरून बोट फिरवलं. "हा तर... मोडकं टोक मीच कापलं होतं."

 मग असा काही हशा पिकला की शेंडेफळची शिंकही ऐकू आली नाही!

साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस मनाने चांगला. ते सरळ आत्यासमोर आले. "ताई, चूक माझी आणि बोल तुम्हाला लावला. तोही सगळ्यांदेखत. माफ करा."

"मी बरोबर मोजत होते," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "वीस वर्षं बरोबरच मोजत आले."

विणकरकाकांनी टकळीच्या पाठीवर थाप मारली. "महिनाभर रोज या लडी हाताळतोय, पण मला दिसलं नाही. पोरांनो, नजर आहे तुमची!" मग ते आत्याकडे वळले. "माझी शाल वीतभर राहिलीय. तुमचंच सूत हवं, दुसरं त्याला जुळणार नाही. सोमवारी मिळेल?"

आत्याने पदराने डोळे पुसले आणि चरखा पुढे ओढला.

"सोमवार कशाला? इथेच बसा. आत्ता देते!"