लासेल्सचा पलंग

दुपारी एकच्या बसमधून येंद्री आणि आर्लेट पुंता काकाओला उतरल्या तेव्हा दोघींना फक्त सावली हवी होती आणि पाठीवरचं ओझं टाकायला जागा. गाव नेहमीसारखं पेंगत होतं. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली, आणि सायकलवाले मुकाट्याने त्यांना वळसा घालून जात होते. खोलीची चौकशी करावी तर "पुढे बघा, असेल कुठेतरी" यापलीकडे कुणी बोलेना. शेवटी पाव विकणाऱ्या बाईने दर्याकडेच्या एका निळ्या लाकडी घराकडे बोट दाखवलं.

घर मिस एव्हेल्डाचं. सत्तरी ओलांडलेली, उंच, ताठ कण्याची बाई. अंगात पांढरा झगा, डोक्याला पांढरं फडकं.

"खोली आहे," ती म्हणाली. "नवरा दर्यावर गळ टाकायचा. तो गेल्यापासून रिकामीच आहे. मी स्वयंपाकघरात निजते."

"कधी गेले?" आर्लेटने विचारलं. कुणाला काहीही विचारायची तिला लाज नव्हती.

"परवा नववी रात्र झाली." मिस एव्हेल्डा आणखी काहीतरी सांगणार होती. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि किल्ली पुढे केली.

येंद्री वरच्या डोंगराळ मुलखातली, कार्तागोची. माणूस गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना तिच्याकडेही करतात. त्यामुळे आपल्याला सगळं कळलं असं समजून तिने मान हलवली.

खोलीत मात्र विचित्र मांडणी होती. पलंग मधोमध तिरका, उशाकडची बाजू दाराकडे. कपाट खिडकीला आडवं लावलेलं. आरशाचं तोंड भिंतीकडे.

"दारू पिऊन सामान लावलंय वाटतं कुणीतरी!" आर्लेट हसली आणि बूट न काढताच आडवी झाली.

येंद्रीचे हात शिवशिवायला लागले. पसारा दिसला की तिला अन्न गोड लागत नसे. त्यातून खिडकीजवळ जमिनीच्या फळ्यांवर चार फिकट खुणा होत्या, वर्षानुवर्षं पलंगाचे पाय टेकून पडलेल्या.

"ऊठ गं जरा."

"बाई, तू फिरायला आलीयेस की मोलकरीण म्हणून?"

कुरकुरत का होईना, आर्लेट उठली. दोघींनी रेटून पलंग नेमका त्या खुणांवर नेला, कपाट बाजूला सारलं, आरसा सरळ केला. खिडकी उघडताच वारा थेट उशीवर आला. "आता कशी खोलीसारखी खोली दिसते," येंद्री म्हणाली. आर्लेट भिंतीकडच्या बाजूला कुशीवर वळून झोपूनसुद्धा गेली होती.

येंद्री क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. शाळेपासूनची मैत्री. तीन आठवड्यांनी आर्लेट नोकरीसाठी माद्रिदला निघणार होती. येंद्रीला बहीण नव्हती. जे काही होतं ते आर्लेटच. म्हणून तर हा पाठीवर घर घेऊन हिंडण्याचा खटाटोप तिनेच मागे लागून जुळवून आणला होता.

ती खायला आणायला बाहेर पडली. तिखट सारणाच्या गरम करंज्या घेऊन अर्ध्या तासात परतली, तर जिन्यातच तिला तो वास आला. किनाऱ्यावरच्या शेवाळाचा नव्हे. खोल पाण्याचा, जिथे ऊन कधी पोचत नाही तिथला, थंड आणि फार जुना वास. बाहेर टळटळीत ऊन होतं, आणि येंद्रीच्या अंगावर शहारे आले.

तिने दार ढकललं.

खोलीत दर्या होता. पाणी दिसत नव्हतं, पण छतावर हिरवा उजेड हलत होता, आणि भरतीचा आवाज खिडकीकडून नव्हे, चारी भिंतींतून येत होता, संथ आणि घनगंभीर. पडदे वाऱ्याविना एकाच दिशेला वाहत होते. आर्लेट मघाच्याच जागी झोपलेली, पण पार कडेला, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. आणि पलंगाची दुसरी बाजू... दबलेली होती. एखादा धिप्पाड माणूस पाठ टेकून पडला की गादी दबते तशी. उशीतही डोक्याचा खळगा. चादर ओलीचिंब.

येंद्रीच्या हातातला पुडा गळून पडला. भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती; पण तिच्याही वर काहीतरी होतं. एवढीशी खोली आणि एवढं मोठं काहीतरी तिच्यात मावलेलं... तिला गुडघे टेकावेसे वाटले.

"आर्लेट..." तिने हाक मारली. खांदा हलवला. खांदा बर्फासारखा गार, ओठ निळसर. छाती हलत होती, पण लाटेच्या लयीत. लाट मागे गेली की श्वास थांबायचा आणि दर खेपेला जरा जास्तच थांबायचा.

"मिस एव्हेल्डा!"

म्हातारी हात पुसत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. किंचाळली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून येंद्रीने क्षणभर नजर खाली घातली. दुसऱ्याच्या संसारात आपण डोकावतोय असं तिला वाटलं.

"पलंग हलवलात तुम्ही," मिस एव्हेल्डा हळूच म्हणाली.

"खुणा होत्या... मला वाटलं, जागेवर लावावा..."

"नवव्या रात्री गाणी झाली की आम्ही पलंग फिरवतो, पोरी. गेलेल्याला आपली जागा सापडू नये म्हणून. मग तो निघतो." ती थांबली. "सगळ्यांनी हात लावले. मी नाही लावला. अठ्ठेचाळीस वर्षं झोपले मी या माणसाशेजारी... तुम्ही आलात तेव्हा सांगायचं होतं. सांगितलं नाही. मनात आलं, परक्याच्या हातून चुकून सरकलाच तर..."

"माझी मैत्रीण आहे ती!" येंद्री रडायला लागली. "तिला का धरलंय त्यांनी?"

"भिंतीकडची बाजू माझी. तो तिला मी समजतोय."

आर्लेटचा श्वास पुन्हा थांबला. लाटेचा आवाज ओसरत गेला, लांब, आणखी लांब... आणि या खेपेला परत येईना.

मिस एव्हेल्डा आत गेली. दबलेल्या बाजूला बसली, उशीतल्या खळग्यावर तळवा ठेवला. "लासेल्स," ती म्हणाली, "अरे, ती मी नव्हे. कुणाच्या तरी घरची लेक आहे. सोड तिला." काहीच झालं नाही. मग तिचा आवाज फाटला. "मला नाही यायचं अजून, ऐकलंस? आणि तुलाही राहता येणार नाही. चूक माझी झाली. जा आता. जा रे..."

ती उठली आणि तिने स्वतःच्या हातांनी पलंगाला रेटा दिला. येंद्रीनेही खांदा लावला. मघाशी दोघी पोरींनी सहज सरकवलेला पलंग आता वाळूत रुतलेल्या भरल्या होडीसारखा जड झाला होता. म्हातारी दात आवळून रडत रेटत होती. बोटभर सरकला. वीतभर. मग एकदम हलका झाला आणि गर्रकन फिरला. छतावरचा उजेड खिडकीतून बाहेर ओघळला. बाहेर निवांत पडलेल्या दर्यावर एकच मोठी लाट उलट्या दिशेने, आत, क्षितिजाकडे गेली. येंद्रीने ती डोळ्यांनी पाहिली.

आर्लेट खोकली आणि उठून बसली. "काय चाललंय? करंज्यांचा वास कुठून येतोय?"

येंद्रीने तिला घट्ट मिठी मारली आणि हसत रडत राहिली. त्या रात्री तिघी स्वयंपाकघरात झोपल्या.

सकाळी मिस एव्हेल्डा बसपर्यंत सोडायला आली. येंद्रीचे दोन्ही हात धरून तिने माफी मागितली. आर्लेट बसच्या पायरीवर चढली, वळली आणि तिच्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "छपराचा मागचा पत्रा उचकटलाय. खिळे तांदळाच्या डब्यामागे ठेवलेत. पावसाआधी ठोकून घे."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. "घेते," ती पुटपुटली.

बस सुटली. "काय म्हणालीस तू तिला?" येंद्रीने विचारलं.

"कुणाला?" आर्लेट जांभई देत म्हणाली. "मी काहीच बोलले नाही." आणि मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टाकून तिने तिचा हात हातात घेतला.

दवाखान्याच्या टेबलामागे बसून पावत्या फाडणाऱ्या आर्लेटचा तळवा खरखरीत लागत होता. येंद्रीने तो उताणा करून पाहिला. गळाची दोरी वर्षानुवर्षं ओढून पडावा तसा एक आडवा, जाड, पांढरा पडलेला घट्टा होता त्यावर. मग तो तळवा तिने पुन्हा आपल्या हातात घट्ट मिटला आणि कार्तागो येईपर्यंत सोडला नाही.