धाप लागलेला पंखा

"वहिनी, पंख्याचा आवाज बदलला की घाबरायचं नाही. आधी मशीन बंद. मग प्लग काढायचा. मगच झाकण उघडायचं. फिरत्या पंख्यात बोट घालायचं नाही."

हे शब्द माझ्या धाकट्या दिरांचे. रघुवीरभावोजींचे.

पुढे सांगते ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मी सांजसकाळ देवापुढे दिवा लावणारी बाई आहे. पोथीवर हात ठेवून जे बोलले असते, तेच इथे लिहिते आहे.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. गिरगावातली आमची चाळ, तिसरा मजला. भर दुपार.

आधी थोडं मागचं सांगायला हवं.

भावोजींचं लग्न झालं नव्हतं, ते आमच्याकडेच असत. फुप्फुसांचा विकार. शेवटी शेवटी श्वास मध्येच अडायचा. घर्र... मग काहीच नाही... मग एकदम सुटायचा. तशातही ते जुने कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करत बसायचे. आमचे हे ऑफिसला गेले की दुपारी मला शिकवायचे. मी नको नको म्हणायचे. "सहस्रनाम पाठ होतं, मग चार स्क्रू काढायला काय होतंय?" म्हणायचे.

हे मात्र कधी यांच्या कानावर गेलं नाही. विषयच निघाला नाही.

वैशाखात भावोजी गेले.

दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. कुणी काय कबूल केलं, कुणी काय. कावळे समोरच्या कठड्यावर बसून नुसते बघत होते. भावोजींचं लहानपण नाशिकला मामाकडे गेलेलं, पोहायला ते गोदावरीतच शिकले. मी हात जोडले आणि म्हटलं, "भावोजी, तुम्हाला गोदावरीत पोचवणं माझ्याकडे लागलं."

कावळा लगेच शिवला.

पण आमच्याकडे बायका अस्थी घेऊन जात नाहीत. म्हणून हे एकटेच नाशिकला गेले. अस्थींचा डबा बांधायला मी माझ्या लाल खणाचा तुकडा दिला. संध्याकाळी परत आले ते प्रसाद, चिवडा आणि गोदावरीच्या पाण्याची बाटली घेऊन. ते पाणी मी तांब्याच्या गडूत भरून देव्हाऱ्यात ठेवलं. रोज पूजा झाली की त्यातलं पळीभर तीर्थ घ्यायचं आणि मगच पाण्याला तोंड लावायचं, असा नेम धरला.

भावोजींचा कॉम्प्युटरही ठेवला. दुपारी त्यावर सहस्रनाम लावून बसायचे.

भाद्रपद लागला... आणि कॉम्प्युटरचा पंखा अडायला लागला.

आधी नुसती घरघर. मग मशीन तापून आपोआप बंद पडायचं. सहस्रनाम अर्ध्यावर तुटायचं. यांना सांगितलं तर म्हणाले, भंगारवाला रविवारी येणार आहे, देऊन टाकू. रघुवीरच्या वस्तू बघून मला त्रास होतो. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं, भावाचं दुःख आहे.

गुरुवारी शेजारची नूपुर गॅलरीत भेटली. नवी भाडेकरू, भावोजींना तिने कधी पाहिलेलंही नाही. मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का? दुपारी धाप लागल्यासारखं ऐकू येतं. डॉक्टर हवा असला तर सांगा हं."

मी म्हटलं, कॉम्प्युटरचा पंखा आहे तो.

ती हसली. "मग पंख्याला वाफारा द्या."

मला हसता आलं नाही. कारण मलाही तसंच ऐकू येत होतं...

शुक्रवारी दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं. भंगारात जाण्याआधी एकदा बघावं, म्हणून मी पदर खोचला. भावोजींनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. स्विच बंद केला. प्लग काढला.

प्लग माझ्या हातात होता.

आणि आतून आवाज आला...

घर्र...

मग काहीच नाही...

मग एकदम सुटला.

गॅलरीत नेहमी पोरांचा गलका असतो. त्या क्षणी तोही नव्हता. मी मनात रामनाम धरलं आणि बाजूचं झाकण काढलं.

पंखा फिरत होता. सावकाश. अडत अडत.

"भावोजी?" माझ्या तोंडून गेलं.

पंखा थांबला.

पात्यांवर पांढरट राख साचली होती. मला वाटलं, माझ्या उदबत्तीची. रोज शेजारीच लावते, पंख्याने ओढली असेल. मी ती बोटावर घेतली.

उदबत्तीची राख मऊ असते.

ही कचकचली.

वर बघितलं. पूर्वी सीडी घालायचे तो कप्पा रिकामा असायचा, मला माहीत होतं. आता तिथे काहीतरी कोंबलेलं होतं. लाल.

माझा खण.

आत स्टीलचा डबा. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. एक टोकही सुटलेलं नव्हतं. कापडावर राखेचा कण नव्हता. मग पंख्यावर ती राख आली कुठून... हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.

दिवेलागणीला हे आले. टेबलावरचं लाल गाठोडं बघितलं आणि बूट न काढताच खुर्चीत बसले.

मी काही विचारलं नाही. तेच बोलत गेले. अस्थी न्यायच्या दिवशी ऑफिसातून सोडलं नाही. मग पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या. तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून, मी देवळात गेले असताना, त्यांनी डबा तिथे ठेवला. सगळे डबे, सगळे माळे मी झाडते. ती एकच जागा त्यांना सुरक्षित वाटली. प्रसाद आणि चिवडा दादरहून घेतला होता.

"तू ते उघडशील असं वाटलंच नाही गं."

एवढंच त्यांना वाटलं होतं.

"आणि रविवारी भंगारात?"

"आधी काढून ठेवणार होतो."

खरं असेल. मला आता ठरवता येत नाही.

"आणि पाणी?"

 त्यांनी मोरीतल्या नळाकडे बघितलं.

वैशाखापासून मी ते पाणी कपाळाला लावून पीत होते.

शनिवारी पहाटे अंघोळ केली. देवांना साध्या पाण्याने, साधं म्हणूनच, स्नान घातलं. गडू पालथा ठेवला. तीर्थ घेतलं नाही, म्हणून पाणीही घेतलं नाही. लाल गाठोडं पिशवीत घातलं. दादरहून नाशिकची एसटी मिळते.

"मी येतो," हे म्हणाले.

मी नको म्हटलं. आवाज चढवला नाही. मला तो चढवता येत नाही.

चपला घातल्या, दार ओढून घेतलं. मागे खोलीत हे एकटेच होते. कॉम्प्युटर उघडाच पडला होता, प्लग काढलेला, पंखा गप्प.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असेन... तेव्हा आतून ऐकू आलं.

घर्र...

मग काहीच नाही...

यांना दम्याचा त्रास कधीच नव्हता.

स्मशानातून निघताना मागे वळून बघायचं नसतं, असं सांगतात. घरातून निघताना काय करायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

मी पिशवी उराशी धरली आणि जिना उतरू लागले.