दोन खांबांच्या मधून

ही गोष्ट खोटी निघाली तर सगळ्यांत जास्त आनंद मलाच होईल. पण ती खोटी नाही. जिच्या बाबतीत घडली ती ओर्नेला, माझी सख्खी नणंद. आणि नणंदेची बाजू घेऊन मी खोटं बोलेन, असं आमच्या घरात कुणीच म्हणणार नाही.

नोव्हेंबर महिना होता. समुद्राच्या तोंडावरचे, भरती अडवणारे ते मोठे दरवाजे तेव्हा सुरू झाले नव्हते. भरती आली की पाणी सरळ आमच्या व्हेनिसच्या सान मार्को चौकात शिरायचं. त्या दिवशी दुपारीच भरतीचा भोंगा वाजला होता. त्यात धुकं. संध्याकाळ व्हायच्या आधीच अंधारून आलं होतं.

ओर्नेला गाईड आहे. छत्री उंच धरून पर्यटकांच्या झुंडी हाकायच्या, हे तिचं काम. तोंडाची महा फटकळ. त्या दिवशीच्या शेवटच्या गटातल्या एका बाईने तिला विचारलं, "व्हेनिस किती वाजता बंद होतं हो?"

"तुम्ही गेलात की लगेच," ओर्नेला म्हणाली.

गट पांगला. ओर्नेला ड्यूकच्या महालाच्या कोपऱ्याशी गमबूट घालून, पाण्यात उभी राहिली. इलारिया तिला तिथेच भेटणार होती.

इलारिया तिची एकुलती एक मुलगी. ओर्नेलाचा नवरा गेल्यापासून घरात दोघीच. शेजारची सगळी घरं एकेक करून पर्यटकांना भाड्याने गेली होती. जिन्यात ओळखीचा चेहरा दिसत नाही म्हणून ओर्नेला कुढायची. निदान पोरगी तरी इथेच राहावी, एवढी एकच तिची इच्छा होती.

आणि पोरगी नेमकं उलटंच सांगायला आली होती.

"मम्मा, मला तोरिनोत नोकरी मिळाली. सोमवारी जातेय."

"सोमवारी? आणि मला आज सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर आधीपासून रडली असतीस."

"जा ना! सगळेच जातायत, तूही जा. हे शहर काय, म्हाताऱ्यांनी आणि उंदरांनी सांभाळायचं!"

"शहर, शहर, शहर! कधी मला विचारलंस, मला काय हवंय? दिवसभर परक्या लोकांना हे दगड दाखवतेस आणि घरी येऊन मलाही तेच दाखवतेस. तुझ्या दगडांनाच मिठी मारून बस!"

"दगडांना नावं ठेवू नकोस, इलारिया."

"ठेवणार. काय करतील तुझे दगड?"

असं म्हणून ती वळली आणि खांबांकडे चालू लागली.

चौक जिथे पाण्याला भिडतो, तिथे ते दोन उंच दगडी खांब आहेत. एकावर पंखवाला सिंह, दुसऱ्यावर मगरीला पायाखाली घेतलेला संत तोदारो. पर्यटक त्यांच्या मधून खुशाल जातात. आमच्यातलं कुणी जात नाही. कितीही घाई असो, वळसा घालतो. जुन्या काळी तिथे देहदंडाची माणसं मारायचे. पाण्याकडे पाठ करून उभं करायचे. समोर घड्याळाचा मनोरा. आपली वेळ बघत मरायचं.

ओर्नेलाचा मामा, नाने मामा, तिथल्याच धक्क्यावरून गोंडोला चालवतो. लहानपणापासून त्याने एक गोष्ट सगळ्यांना बजावून ठेवली होती.

"चुकून कुणी मधे गेलंच तर गप उभं राहायचं. जाणारा आपोआप बाहेर येतो. पण नाव घेऊन हाक मारायची नाही. जीव घ्यायच्या आधी तिथे माणसाचं नाव पुकारायचे. जे तिथे उरलेत, ते अजून नावाची वाट बघत बसलेत. कुणाचंही चालतं त्यांना."

हे ओर्नेलाला पाठ होतं. इलारियालाही.

म्हणून तर ती मुद्दाम मधे गेली.

छप... छप... छप... तिचे गमबूट पाण्यात वाजत होते. सिंहाच्या खांबापाशी ती अंधूक दिसली. मग तीही दिसेना.

"बघ मम्मा!" धुक्यातून आवाज आला. "पाण्याकडे पाठ करून उभी आहे! काय झालं मला?"

ओर्नेला दात आवळून उभी राहिली. बोलायचं नाही. येईल आपोआप.

मग पाण्याचा आवाज थांबला.

धक्क्याला बांधलेल्या गोंडोला एरवी एकमेकींवर आपटत असतात. तोही आवाज नव्हता...

मनोऱ्यावर ठोके पडायला हवे होते. पडले नाहीत...

किती वेळ गेला, ओर्नेलाला आजही सांगता येत नाही. धुक्याकडे बघून बघून तिचे डोळे दुखायला लागले. पोरगी काही बोलेना. हसेना. खोकेनासुद्धा.

आणि ओर्नेलाचा धीर सुटला. आईच ती. शेवटी ओरडलीच.

"इलारिया!"

"काय, मम्मा?"

"काय, मम्मा?"

आवाज दोन आले...

एक खांबांच्या मधून. दुसरा अगदी तिच्या कानाजवळून.

ओर्नेलाने मान वळवली. इलारिया तिच्या शेजारी उभी होती. तेच जॅकेट, तेच गमबूट, ओले केस कपाळाला चिकटलेले. धुक्यातून येताना तिच्या पायांचा आवाज झाला नव्हता.

"चुकले मी," ती हळूच म्हणाली. "उगाच बोलले तुला. मी नाही जाणार तोरिनोला. इथेच राहीन, तुझ्याजवळ. चल ना घरी."

आणि तिने ओर्नेलाचा हात धरला.

तेवढ्यात खांबांच्या मधून आरडाओरडा सुरू झाला. "मम्मा! कुणाशी बोलतेयस? ही काय चेष्टा आहे? अगं, मला बाहेर येता येत नाहीये!"

छपछपछपछप... कुणीतरी जिवाच्या आकांताने धावत होतं.

पण आवाज जवळ येत नव्हता. धावणारा जिथल्या तिथेच धावत होता.

"बहिरी झालीस का? मम्मा! तुला शहरच हवंय ना? मी मेले तरी तुला चालेल! कसली आई आहेस तू!"

 ओर्नेलाने एकदा शेजारी पाहिलं, एकदा धुक्याकडे. नाने मामाचे शब्द तिच्या डोक्यात घुमत होते. जे तिथे उरलेत... सूडाने पेटलेली, रागाने भरलेली माणसं. मग जे रागाने ओरडतंय तेच वाईट, दुसरं काय? आणि जी हात धरून, खाली मान घालून 'चुकले' म्हणतेय ती आपली.

तिला तेच खरं हवं होतं. हे तिने नंतर मला सांगितलं.

"मागे बघू नकोस," शेजारची म्हणाली.

दोघी घराकडे निघाल्या. महालाच्या कडेने, पाण्यातून. ओर्नेलाच्या बुटांचा छप छप आवाज होत होता.

बुटांच्या एकाच जोडीचा...

पुलाच्या कोरड्या पायऱ्या चढतानाही टाचा एकटीच्याच वाजल्या. मागे शिव्या चालूच होत्या. हळूहळू त्यांचं रडणं झालं. पुलाच्या पलीकडे उतरल्यावर तेही ऐकू येईनासं झालं. आणि त्याच क्षणी मनोऱ्यावर ठोके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. मायलेकी बाजाराला निघाल्या तेव्हा नाने मामा धक्क्यावर गोंडोला पुसत बसला होता. इलारियाला त्याने खांद्यावर खेळवलं होतं. ती दिसली की "काय गं टवळे, लग्न कधी करतेस?" असं ओरडायची त्याची सवय.

त्या दिवशी त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. तोंड फिरवून पाण्यात थुंकला.

ती पुढे गेल्यावर ओर्नेलाला म्हणाला, "हाक मारलीस ना?"

ओर्नेलाने मान हलवली.

"गाईड म्हणे! जगाला शिकवतेस आणि एवढं कळलं नाही तुला?"

"परत बोलावता येईल का रे तिला, मामा?"

"कोणत्या नावाने बोलावशील? नाव तर ही घेऊन आली. तू हाक मारलीस की हीच ओ देणार."

त्या दिवसापासून मामा आमच्या घरी आलेला नाही.

इलारिया तोरिनोला गेली नाही. घरीच आहे. सार्दिनी मासळी कांद्यात मुरवून अशी करते की माझा नवरा बोटं चाटत बसतो. "भाची अशी हवी," म्हणतो. पूर्वी माझ्याशी मिठावरून भांडायची. आता माझं सगळं बरोबर असतं. आईला उलटून बोलत नाही. मैत्रिणी नाहीत. शहर सोडून पलीकडे मेस्त्रेलासुद्धा जात नाही. ओर्नेलाला जे जे हवं होतं, ते ते सगळं तिला मिळालं.

आणि ओर्नेला वाळत चालली आहे.

धुक्याच्या दिवशी ती काम घेत नाही. छत्री न घेता एकटीच चौकात जाते आणि सिंहाच्या खांबाला टेकून उभी राहते. मला वाटायचं, काम झेपत नसेल आता. एकदा मी तिच्या मागोमाग गेले. ती डोळे मिटून उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "आज केवढी भांडली माझ्याशी. म्हणाली, तुझं तोंडही बघायचं नाही मला."

मी कान दिला. आधी काहीच नव्हतं...

मग फार लांबून, पाण्यात धावणारी पावलं. जिथल्या तिथे.

मी ओर्नेलाला ओढत घरी आणलं. तेव्हा मला सगळं कळलं. त्याच रात्री तिने मला हे सांगितलं, तोंडावर उशी धरून, दबक्या आवाजात. शेजारच्या खोलीत इलारिया होती. "ती भांडायची गं माझ्याशी," एवढंच परत परत म्हणत होती. "भांडायची ती माझी होती. आणि मी हिचा हात धरला."

हे मला कळलं गेल्या हिवाळ्यात. पण ज्या गोष्टीमुळे मी आज हे लिहायला बसले, ती मागच्याच आठवड्यातली.

मी त्यांच्याकडे गेले होते. ओर्नेला झोपली होती. इलारिया चुलीपाशी पाठमोरी उभी राहून मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. खिडकीबाहेर धुकं उतरायला लागलं होतं.

"मम्मा अजून तिथे जाते ना, मामी?" तिने न वळता विचारलं. आवाज कसा, मधासारखा. "तिला सांग, नको जाऊस म्हणावं. तिथे एकटीने उभं राहणं बरं नाही."

मी म्हटलं, "सांगते."

"आणि तूही तिच्या मागे जात जाऊ नकोस."

 मी गेले होते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती ढवळत राहिली. कढईत पोलेंटा रटरटत होता, पण पळीचा आवाज होत नव्हता...

मग ती वळली. माझ्याकडे बघून गोड हसली. जन्मापासून माझ्या मांडीवर वाढलेली पोर.

"मामी," ती म्हणाली, "सगळे तुला मामीच म्हणतात. तुझं खरं नाव काय गं?"

मी पर्स उचलली आणि घरी आले.

तिला मी नाव सांगितलं नाही. म्हणून इथेही ते लिहीत नाही.