खर्जाची तात

दिवा थोडा खाली करा आणि जवळ सरका. जेवणं झाली ना सगळ्यांची? मग ठीक. ही गोष्ट उपाशीपोटी ऐकवत नाही, आणि भरल्या पोटी ऐकली तर मळमळल्यावाचून राहत नाही. ज्याच्यावर गुदरली तो हरिहर आमच्या वडिलांचा शेजारी. अमरावतीचाच, कीर्तनकाराचा मुलगा.

सोळाव्या वर्षी तो घर सोडून तंजावरला गेला आणि तिथल्या दरबारी वादकांपाशी बारा वर्षं फिडल शिकला. मांडी घालून बसायचं, फिडलचं डोकं घोट्यावर टेकवायचं, बूड छातीला लावायचं आणि गज ओढायचा. तिकडची राजवट बुडाली, वाजवणारे देशोधडीला लागले, तसा हाही परत आला. पहिली काही वर्षं गावाने त्याला हसून घेतलं. देवळात वाजवायला बसला की म्हाताऱ्या झोपायच्या. बायको रमा सूत काढून घर चालवायची.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कालपर्यंत आंबील पिणारे लोक गाडीच्या चाकांना चांदीची पट्टी मारू लागले. पैसा आला म्हटल्यावर घरी गाणंबजावणंही हवंच. कळत कुणाच्या बापाला होतं? हरिहर जीव ओतून वाजवतोय आणि समोरचा पिकदाणीत थुंकतोय, ढेकर देतोय, मधेच शेजाऱ्याला रुईचा भाव विचारतोय. हरिहरला त्या तोंडांची शिसारी यायची. शाल मात्र तो घ्यायचा. चार वर्षांत नागपूरपासून खामगावपर्यंत त्याच्याशिवाय बैठक होईना.

या हरिहरला सोवळ्याचं भारी वेड. आता फिडलला लागते तात, आणि तात म्हणजे बकऱ्याचं आतडं. ते राखेच्या पाण्यात भिजवतात, कामटीने खरवडतात, पीळ देऊन उन्हात ताणून ठेवतात. लांबूनसुद्धा वास सोसत नाही. हरिहरला हे सगळं ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं तो वागायचा. भातकुलीला गंगूबाई आणि तिचा नवरा पिंजाऱ्याचं काम करायचे. कापूस पिंजायच्या धनुकलीला तात लागते, म्हणून ती घरीच वळायचे. हरिहर तिथूनच घ्यायचा. कुंपणाबाहेर उभा राहायचा, उपरणं नाकाला लावायचा आणि म्हणायचा, कशाची आहे, कुठली आहे, एक अक्षर सांगू नका. मग घरी आणून गंगाजल शिंपडलं की झाली शुद्ध. जे आपल्याला कळलंच नाही त्याचा विटाळ कसला, असं त्याचं शास्त्र.

शके सतराशे शहाऐंशी, मार्गशीर्षाचा महिना. अकोल्याच्या शालिकराम शेठने कापसाच्या पैशावर हवेली बांधली आणि वद्य दशमीच्या रात्री हरिहरचं वादन ठेवलं. मुंबईचा एक कापूस खरेदी करणारा साहेब यायचा होता. तो स्वतः फिडल वाजवायचा. वाजवणं पसंत पडलं तर हरिहरला मुंबईला नेणार होता, कानसेन लोकांपुढे बसवणार होता. सगळा जन्म हरिहर ज्याची वाट पाहत होता ते हेच. आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याची खर्जाची तात तुटली. जवळची उरलेली चढवली, तीही तुटली.

अष्टमीला सकाळी तो बैलांच्या दमणीत बसला आणि वाटेत भातकुलीला थांबला. गंगूबाईच्या घरी आज पिंजणीचा आवाज नव्हता. ती दारातच बसली होती. गालफडं आत गेलेली. हरिहर नेहमीच्या जागी उभा राहिला. नाकाला उपरणं.

"एक तात हवी. खर्जाची, जरा जाड."

"महाराज, घरात एकच हाये. लहान धनुकलीची. पन थे..."

"कितीदा सांगितलं, गंगूबाई? कशाची ते मला सांगायचं नाही."

"आयका तं महाराज. मालक..."

"पुरे. आणून द्या."

 गंगूबाई आत गेली आणि तातीचं वेटोळं घेऊन आली. हरिहरने लांबूनच रुपया टाकला. तिने तो उचलला नाही.

"रुपया चावता येत नाई महाराज. दाने असतीन तं द्या. नाईतं एखांदी भाकर."

दमणीत रमाने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. दुधात भिजवलेल्या, चांगल्या आठ-दहा. पण त्या सोवळ्यातल्या. फडकं तिच्यासमोर सोडलं असतं तर सगळ्याच टाकून द्याव्या लागल्या असत्या आणि दोन दिवसांच्या वाटेवर त्याने खायचं काय? तो म्हणाला, "सोवळ्यातलं आहे, देता येत नाही."

"न्या मंग," गंगूबाई म्हणाली आणि वेटोळं कुंपणाच्या काटीला अडकवून आत निघून गेली. अर्ध्या कोसावर दमणी थांबवून हरिहरने दशम्या खाल्ल्या.

दशमीची रात्र. दहाचा सुमार. हवेलीची पंगत उठली होती. मागच्या अंगणात उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडला होता आणि त्याचा आंबूस वास बैठकीपर्यंत येत होता. शेठ लोडाला टेकून दात कोरत होता. साहेब तेवढा ताठ बसलेला. हरिहरने सुरुवात केली आणि पोरांनो, असं त्याने कधी वाजवलं नव्हतं. अर्धा तास साहेबाने हातातली चिरूट ओढली नाही. थुंकणारे थुंकायचे थांबले. मुंबई आता हाताच्या अंतरावर होती.

मग तो खर्जात उतरला.

बोटाखाली तात ऊन लागली. घाम असेल, त्याला वाटलं. त्याने गज उचलला. आणि गज उचलल्यावर आवाज आला.

गुर्र...

पोटात होतो तसला. लांबलचक. रिकाम्या पोटात होतो तसला.

दोघंतिघं हसले. शेठने आपल्या पोटावर हात फिरवला. हरिहरने पुन्हा गज टेकवला. तात बोटाखाली सरकली. आकसली. सैल झाली. पुन्हा आकसली... गिळताना घसा हलतो तशी.

त्याला हात काढून घ्यायचा होता. निघेना.

गुर्र...

आणि भूक लागली. तासाभरापूर्वी तो स्वतःच्या हातचं रांधून जेवला होता. तरी लागली. बेंबीपासून वर चढत आली. डोळ्यांपुढे दुसरं काही दिसेना. कानांत शब्द येईना. फक्त वास. मागच्या अंगणातला तो आंबूस वास.

तो उठला. फिडल गादीवर पडली.

सगळे पाहत राहिले. हरिहर... ज्याने कुणाच्या घरचं पाणी कधी ओठाला लावलं नाही... तो पत्रावळींच्या ढिगात गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हातांनी खात होता. कढीत लिबलिबलेला भात. कुणीतरी चघळून टाकलेल्या शेंगा. कुत्रं गुरगुरलं, त्याच्या तोंडचंही त्याने ओढलं. पत्रावळीसुद्धा चावल्या.

पुरेना.

तो परत आत आला. तोंड बरबटलेलं. शेठची गादी त्याने दातांनी फाडली. आणि कापूस... मुठी भरभरून... गिळू लागला.

"धरा रे त्याले," शेठ म्हणाला. "बामन पागल झाला."

चौघांनी धरलं. तोंडातून रुईचे लोंबते पुंजके, लाळेने भिजलेले. साहेबाने रुमाल तोंडाशी धरला, टोपी उचलली आणि तो निघून गेला. हरिहरने एकदाच तोंड उघडलं. जन्मात कधी तसं न बोललेला हरिहर म्हणाला, "दाने असतीन तं द्या."



पंधरा दिवस तो अकोल्याला वैद्याकडे पडून होता. पंधरा दिवस रुई ओकत होता. उठता येऊ लागल्यावर परतीच्या वाटेवर तो भातकुलीला उतरला. या खेपेला कुंपणाच्या आत गेला. नाकाला काही लावलं नाही.

"कुणाची होती ती?" त्याने विचारलं.

"मालकाची," गंगूबाई म्हणाली. "तुमी आले तवा त्याले जाऊन सात दिस झाले होते. कापूस इतका महाग, गाद्या कोन पिंजून घेते? वावरात समद्यायनं कापूसच पेरला, जवारी भेटेना. मले देल्ले त्यानं होते थे दाने. आपन झाडलोटीची रुई खाऊन राहिला होता. मेला तवा पोट टम्म फुगलं होतं." "पिंजारी मेला का त्याची तात तेराव्याले पेढी नदीत सोडा लागते. तवरोक तिले कोनी छेडत नाई. थेच सांगून राहिली होती मी. तुमी आयकलं नाई."

"आता सोडली तर?"

"तेरावा निंघून गेला, महाराज."

हरिहरने फिडल पेटीत घातली, कुलूप लावलं आणि वरून लाखेने फटी बुजवल्या. पुढच्याच साली लढाई संपली, कापूस कोसळला, शालिकराम शेठही बुडाला. हरिहर अकरा वर्षं जगला. गज पुन्हा हातात धरला नाही. चारचौघांत जेवायलाही कधी बसला नाही. रमा सांगायची, ताटावर बसला की तो आधी दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायचा आणि भरवायला लावायचा.

तो गेल्यावर रमाला वाटलं, निदान वाद्य तरी कुणा शिकणाऱ्याला द्यावं. तिने आमच्या वडिलांना बोलावलं. वडिलांनी लाख खरवडून काढली. कुलूप जसंच्या तसं होतं, कुठे फट नाही, उंदराची लेंडी नाही. पेटीला आतून मखमल होती आणि मखमलीखाली चांगलं बोटभर रुईचं अस्तर. मखमल चोपून लाकडाला लागली होती. खालची रुई गुंजभरही शिल्लक नव्हती. फिडलच्या तीन ताती वाळून, तुकडे होऊन पडल्या होत्या. चौथी, खर्जाची, जागेवर होती. करंगळीएवढी जाड झालेली.

वडिलांनी बोट लावून पाहिलं. ऊन होती.