उसवलेला चौकोन

सकाळी सात वाजता रेणुकानं समाजमंदिराचं कुलूप काढलं, गोधडी उलगडली आणि ती तिथंच थबकली. मधोमध पंजाएवढी जागा रिकामी होती. आतलं अस्तर दिसत होतं.

वडनेर भोलजीच्या त्या गल्लीतल्या सोळा घरांनी मिळून ही गोधडी शिवली होती. प्रत्येक घरचं एक कापड, घरातल्या कुणीतरी अंगावर वापरलेलं. कल्पना रेणुकाची, ती तिथली अंगणवाडीताई. दुपारी गोधडी बुलढाण्याच्या प्रदर्शनाला जायची होती.

गायब तुकडा रुक्मिणीबाईच्या घरचा होता. निळ्या चौकटीचा.

रेणुकानं वाकून पाहिलं. कात्री लागलीच नव्हती. एकेक टाका सुईनं उसवला होता. सुटलेले दोरेसुद्धा वेचून नेले होते. तिनं गोधडीची घडी घातली आणि कुलूप लावलं. तुकडा गेला, एवढंच बाहेर सांगितलं. किल्ली तिच्या दारामागच्या खिळ्याला असायची आणि ते सोळाही घरांना माहीत होतं.

"चांदबीनं कापून नेला असन," गल्लीतली शालूबाई म्हणाली. "परवा शिवता शिवता त्यावरून हात फिरवत होती. म्हणे, माह्या शाकिरच्या शर्टासारखा हाय."

तासाभरात गल्लीभर तेच झालं. चांदबीनं कापला.

चांदबी रुक्मिणीबाईची भिंतीला भिंत लागून शेजारीण. नवरा गफ्फार वारलेला. एकुलता एक मुलगा शाकिर सुरतेच्या कारखान्यात. दोन वर्षांत घरी आलेला नाही.

"चाची, तुमी नेला का?" रेणुकानं विचारलं.

"मी काऊन नेऊ? त्याचा शर्ट त्याच्यापाशी हाय. तसाच दिसला म्हणून हात लावला."

"शाकिरशी बोलणं होते?"

"रुक्मिणीच्या फोनवर येते त्याचा फोन. मी मजुरीले गेली का तवाच येते नेमका. ती सांगते मंग, खुशाल हाय म्हणून."

रेणुका शेजारच्या घरी गेली. अंगणात रुक्मिणीबाईची सून प्रतीक्षा भांडी घासत होती.

"कापड कोणी देल्लं होतं?"

"म्या. आत्याबाई सोनाळ्याले लग्नाले गेल्या होत्या. पेटीत एका थैलीत जुना शर्ट होता, त्याचंच फाडलं. काल आत्याबाईनं गोधडी पाह्यली, अन् रात्री जेवल्याच नाईत."

रुक्मिणीबाई आत डाळ निवडत होती.

"मावशी, तुमचा तुकडा गेला."

"जाऊ दे, बाई. उसवल्या जागी दुसरं कापड लावून टाक."

रेणुका तिच्यासमोर खाली बसली.

"उसवला, हे तुमाले कोणी सांगतलं? सारी गल्ली कापला म्हणून राह्यली. उसवला हे मले माहीत, नाईतर नेणाऱ्याले."

सुपातला हात थांबला.

"तुकडा तुमच्याच घरचा, म्हणून तुमच्यावर कोणाची नजर गेली नाई. पण चाचीनं तो ओळखला, तुमी आल्यावर पाह्यला, अन् आज तो नाई. सुरतेतला शर्ट तुमच्या पेटीत कसा आला, मावशी?"

रुक्मिणीबाई उठली. पेटीतून थैली काढून तिनं रेणुकाच्या मांडीवर ठेवली. वर तोच तुकडा होता.

"दोन वरसं झाले. मशीनमधी सापडला पोरगा. गफ्फारभाऊ एकटे गेले, तिथंच माती देऊन आले. चांदबीचं तवा छातीचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणे, धक्का नको. भाऊनं थैली माह्यापाशी ठेवली. दोन महिन्यानं सांगतो म्हणे. अन् त्याच्या आत भाऊच गेले."

"अन् फोन?"

"कुठचा फोन? ती रोज इचारे. एक दिवस तोंडातून निघून गेलं, आला होता म्हणून. मंग थांबताच आलं नाई."

रेणुकाला वाटलं, आपण विचारलंच नसतं तर. पण बाहेर चांदबी चोर ठरत होती, आणि ते थांबवायला दुसरं काही सांगता येत नव्हतं.

"तू सांग तिले," रुक्मिणीबाई म्हणाली. "माह्यानं होत नाई."

"तुमालेच सांगा लागन. मी येतो संगं."

चांदबीनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. शर्ट मांडीवर घेऊन खिशावरचं स्वतःचं रफू चाचपत राहिली.

"दोन वरसं मी त्याच्या लंब्या उमरीची दुआ मागतली, रुक्मिणी," ती शेवटी म्हणाली. "पोरगा मातीत, अन् त्याच्यासाठी एक फातेहा नाई पढली."

चांदबीनं शर्टाची घडी घातली.

"कोणत्या कब्रस्तानात हाय तो?"

रेणुकानं रुक्मिणीबाईकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. ते फक्त गफ्फारला माहीत होतं.

चांदबीनं पुन्हा तेच विचारलं, या खेपेला रेणुकाला.